सावित्रीकाठचे संसार आणि परमुलखातील जकात



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या हयातीचा मोठा भाग महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील मुलांना शिकविण्यात वेचला. आणि त्या मुलांपैकी कितीतरी जण पुढे पोटासाठी मुंबईस, कुवेतला, सौदी अरबस्तानात किंवा दूरदेशीच्या जहाजांवर गेले. तेव्हा त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या व्याख्यानासाठी देशांतर आणि परदेशव्यापार यांविषयीचे राज्यकर्त्यांचे धोरण हा विषय मी निवडला, याचे नवल निदान या सभागृहात तरी कोणास वाटू नये. या विषयाची चर्चा एरव्ही दिल्लीस किंवा जिनीव्हा येथे बंद दालनांत होते. ज्यांच्या घरचे अन्नवस्त्र त्या चर्चेच्या निष्पत्तीवर अवलंबून असते, त्यांच्यासमोर तो क्वचितच मांडला जातो.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते आरंभीच सांगून टाकतो. परक्या मुलखाला माणूस पुरविणारा प्रदेश त्या माणसाच्या जन्माचा, पोषणाचा, शिक्षणाचा, आजारपणाचा आणि वार्धक्याचा खर्च स्वतः सोसतो. त्याच्या उमेदीच्या वर्षांतील श्रम दुसरीकडे खर्ची पडतात. आणि राष्ट्राराष्ट्रांत जे व्यापाराचे करार होतात, त्यांत या खर्चाचे खाते कोठेच उघडलेले नसते. हे खाते उघडले गेले पाहिजे, आणि ते उघडण्याची मागणी ज्यांनी तो खर्च केला त्यांच्याकडूनच आली पाहिजे.

महाड हे मुळात बंदर आहे. गांधारपाल्याच्या लेण्यांखाली उभे राहून महामार्गावरील मालमोटारींची रांग पाहणाऱ्या तरुणास हे खरे वाटणे कठीण; परंतु प्राचीन ग्रीक लेखकांनी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची जी नावे टिपून ठेवली, त्यांतील एकाचा संबंध काही विद्वानांनी याच पाले गावाशी जोडला आहे. पुढे अनेक शतके देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरून महाडच्या पेठेत येई, गलबतांत चढे, आणि मीठ, मासळी, नारळ घेऊन तेच तांडे वरंध घाटाने किंवा पारघाटाने परत वर चढत. १७५६ च्या तहाने सावित्री नदीच्या खाडीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांच्या हाती गेले, म्हणजे दाराची किल्ली परक्याकडे गेली. तरी पेठ चालू राहिली. तिचे महत्त्व ओसरू लागले ते १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढल्यानंतर. त्या लोहमार्गाची आखणी ज्यांनी केली त्यांच्यासमोर देशावरचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत कसा लवकर पोहोचेल हा प्रश्न होता, महाडच्या वाण्यांचे आणि तांडेवाल्यांचे काय होईल हा नव्हता. मालाची वाट बदलली, आणि ज्या मुलखातून माल जात होता त्या मुलखातून आता माणसे जाऊ लागली.

ती का जाऊ लागली, याचे उत्तर शोधण्यासाठी जमिनीकडे वळावे लागते. पोलादपूरच्या कापडे-देवळे-उमरठच्या डोंगराळ पट्ट्यात भाताची खाचरे थोडी, वरकस जमीन पुष्कळ. नाचणी-वरीच्या पिकासाठी राब भाजायचा, दोनतीन वर्षे दळी कसायची आणि मग ती जमीन विसाव्यास सोडून द्यायची, असा क्रम. त्यावर खोताचा अंमल. कुळाने पिकवायचे, खोताने मक्ता घ्यायचा, सरकारात सारा भरायचा, आणि उरेल त्यावर कुळाने वर्ष काढायचे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ती कायद्याने जाण्यास मात्र १९४९ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांचे महाडशी असलेले नाते चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहामुळे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याआधी, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतांच्या प्रश्नावर जो निबंध लिहिला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. जमिनीचे तुकडे एकत्र केल्याने दारिद्र्य जाणार नाही, जमिनीवर पडलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांनी उचलल्याविना शेती सुधारणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. कोकणच्या रयतेने ते निबंध न वाचताच आचरिले होते. फरक इतकाच की उद्योग तिच्या दारी आला नाही, तीच उद्योगाच्या दारी गेली.

ती गेली मुंबईच्या गिरण्यांत. रत्नागिरी आणि त्या वेळचा कुलाबा, या दोन जिल्ह्यांनी गिरणगावाला माणसे पुरविली. गाळ्यात पथारी, खानावळीत जेवण, महिन्याकाठी गावी मनीऑर्डर, शिमग्याला किंवा गणपतीला रजा, आणि शरीर थकले की कायमचे गाव, अशी या आयुष्याची चाकोरी होती. आता या आयुष्यावर दूरच्या जकातीचा हात कसा पडत होता, त्याचा एक दाखला मी जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात माझ्या विषयाचा गाभा आहे.

१८९६ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातजकात ठेवली आणि त्याच दराने येथील गिरण्यांच्या कापडावर उत्पादनकर बसविला. आयातजकातीमुळे मुंबईच्या गिरण्यांना जे थोडेसे संरक्षण मिळाले असते, ते मिळू नये यासाठी लँकेशायरच्या गिरणीमालकांनी लंडनमध्ये जो दबाव आणला, त्याचे हे फळ. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर सरकारला पैशाची निकड लागली तेव्हा आयातजकात वाढत गेली, तरी हा उत्पादनकर उठला नाही. पुढे जपानी कापडाची स्पर्धा तीव्र झाली, गिरण्यांचा नफा घटला, आणि १९२५ साली मालकांनी कामगारांच्या वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. अडीच महिन्यांनंतर, डिसेंबरात, सरकारने तो उत्पादनकर तहकूब केला, आणि मालकांनी कपात मागे घेतली. एका बाजूस साम्राज्याच्या तिजोरीतील एक कर, दुसऱ्या बाजूस पोलादपूरच्या टपालकचेरीत येणारी मनीऑर्डर, आणि या दोहोंमधला दुवा इतका सरळ की कर हलताच मनीऑर्डर हलली.

परंतु या दाखल्यातील ज्या भागाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष कमी जाते तो असा, की त्या अडीच महिन्यांत कोकणचा कामगार जगला कशावर? मुंबईत शिलकीची थैली कोणाकडेच नव्हती. तो आगबोटीत बसून गावी आला, घरच्या भातावर आणि नाचणीवर राहिला, आणि संप मिटल्याचे कळताच परत गेला. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप झाला आणि जो रीतसर कधी मिटलाच नाही, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्या वेळीही हेच घडले. गिरण्या बुडाल्या त्यास परदेशव्यापाराचे धोरण हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. यंत्रमागांना दिलेली मोकळीक, मालकांनी यंत्रसामग्रीकडे केलेले दुर्लक्ष आणि गिरण्यांखालील जमिनीला आलेला सोन्याचा भाव, ही कारणे अधिक जवळची आहेत. पण गिरणी बुडाली तेव्हा तिच्या कामगाराला सांभाळले ते कोणत्याही सरकारी योजनेने नव्हे. त्याला सांभाळले दोन गुंठ्यांच्या खाचराने आणि त्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने. मुंबईच्या भांडवलाचा विमा गावाने उतरविला होता, आणि त्याचा हप्ता गावाला कोणी कधी दिला नाही.

दर्यावर्दी आणि समुद्रापारच्या देशांतराची कथाही याच वळणाची आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली तेव्हा मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून नांदत आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९३ साली हिंदी लोकांच्या परदेशगमनावर लिहिताना त्याकडे आशेने पाहिले होते. देशात माणसांचा भार वाढतो आहे, तो बाहेर जाऊन काही मिळवीत असेल तर ते इष्टच, अशी त्यांची दृष्टी. पण त्यांचेच शिष्य आणि कोकणचे सुपुत्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० व १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात करारबद्ध मजुरीविरुद्ध ठराव आणले. गुरुशिष्यांच्या या दोन भूमिकांत मला विरोध दिसत नाही. माणसाने जावे हे रानड्यांचे म्हणणे. त्याने कोणत्या अटींवर जावे, हे गोखल्यांनी विचारले. शंभराहून अधिक वर्षे उलटली, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप अपुरेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने स्थायिक झाले होते. तेथील सरकारने १९०२ साली कायदा केला की ज्यास एखाद्या युरोपीय भाषेत लिहिता येत नाही त्याने वसाहतीत पाऊल ठेवू नये. तेथे आधीपासून राहणाऱ्यास बायकामुलांना भेटण्यासाठी गावी यायचे झाल्यास परवाना काढावा लागे, आणि परवान्याची मुदत टळली की परतण्याचा हक्क बुडे. इंग्रजी जहाजांवर सारंग, टंडेल, खलाशी म्हणून जी कोकणी माणसे होती, त्यांना खास वेगळ्या करारनाम्यावर घेतले जाई, आणि तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाच्या वेतनाचा लहानसा अंशच त्यांच्या हाती पडे. माल साम्राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास विनाअडथळा जावा यासाठी जी जहाजे चालत होती, त्या जहाजांच्या भट्टीपुढे उभा असलेला माणूस मात्र प्रत्येक बंदरात परवान्याने बांधलेला होता.

येथे एक गोष्ट थोडी विषयांतर करूनही सांगितली पाहिजे, कारण देशांतराचा हिशेब केवळ पैशात मांडला तर तो अपुरा राहतो. महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, म्हणजे एका हुकमासरशी या खेड्यांतील कितीतरी घरांची नोकरीची आणि निवृत्तिवेतनाची वाट बुजविली, तेव्हा १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज सिद्ध करण्यात ते पुढे होते. लष्करात जगाचा अनुभव घेऊन, लिहिणेवाचणे शिकून परतलेल्या अशा पेन्शनरांनी दासगाव-रावदळच्या परिसरात जी जागृती केली, तिच्याच पोटी पुढे लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे घडले. १९२७ ची महाडची परिषद भरविण्यात त्यांचा पुढाकार होता आणि नंतरचे आयुष्य त्यांनी मुंबईच्या कामगार चळवळीत वेचले. बाहेर गेलेला माणूस पैशाबरोबर स्वाभिमानही घरी धाडतो. म्हणून माणसांनी गाव सोडूच नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना त्यांच्याच गावात नाकारले गेले होते, त्यांना गाव सोडण्याचा अधिकार नाकारणे हा दुसरा अन्याय ठरला असता.

आता वर्तमानाकडे येतो. तेलाचे भाव १९७३ नंतर चढले आणि आखाती राज्यांत बांधकामांचा जो महापूर आला, त्याबरोबर सावित्रीच्या खाडीकाठच्या दासगाव-वहूर-टोळपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या गावांतील मुसलमान तरुण तिकडे गेले. पाठोपाठ हिंदू तरुणही गेले. कोणी वेल्डर, कोणी सुतार, कोणी वाहनचालक, कोणी दुकानात, कोणी तेलाच्या कारखान्यात. गावात जांभ्या दगडाची घरे जाऊन स्लॅबची दुमजली घरे आली, शाळांना इमारती मिळाल्या, मुली शिकू लागल्या. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले तेव्हा त्या एका घटनेने काय केले ते पाहा. सुमारे पावणेदोन लाख हिंदी माणसे बहुतांशी अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावी लागली. आखातातून येणारा पैसा आटला, तेलाचा खर्च वाढला, आणि १९९१ च्या उन्हाळ्यात देशाच्या तिजोरीत दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतेही परकीय चलन उरले नाही. सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, आणि त्यातूनच आपले सारे व्यापारविषयक धोरण पालटले. कुवेतमध्ये सुताराचे काम करणारा वहूरचा माणूस या देशाच्या परकीय गंगाजळीचा एक खांब होता, हे त्या वर्षी दिसून आले. त्याआधी ते कोणी त्याला सांगितले नव्हते, आणि नंतरही फारसे कोणी लक्षात ठेवले नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ साली परदेशस्थ भारतीयांनी देशात धाडलेली रक्कम सुमारे ११८.७ अब्ज डॉलर होती आणि तीत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. पण या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. मुंबईतल्या बँकेत जमा झालेली प्रत्येक रक्कम महाराष्ट्राच्या खाती पडते. शिवाय पूर्वी सर्वाधिक पैसा संयुक्त अरब अमिरातीतून येई, तो मान आता अमेरिकेकडे गेला आहे. याचा अर्थ असा की अभियंता आणि वैद्य यांचा पैसा वाढतो आहे आणि सुताराचा व वेल्डरचा वाटा मागे पडतो आहे. आपल्या या दोन तालुक्यांतून गेलेले बहुसंख्य लोक दुसऱ्या वर्गातले आहेत.

आणि जो पैसा येतो तो गावात काय करतो? घर बांधतो, लग्न लावतो, दवाखान्याचे बिल भरतो. हे सर्व आवश्यकच आहे आणि त्यास उधळपट्टी म्हणणे हा शहरी लोकांचा उद्धटपणा आहे. पण बाहेरचा पैसा गावात वाहू लागला की मजुरीचा दर आणि जमिनीचा भाव दोन्ही चढतात. भाताचा भाव मात्र देशभराच्या बाजारात ठरतो, तो त्या प्रमाणात चढत नाही. परिणामी लावणीला माणूस परवडत नाही आणि खाचर पडीक राहते. केरळात हे आधी घडले, कोकणात नंतर. सरकारने जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा पंजाब-आंध्रातील शेतकरी संतापला. पोलादपूरच्या शेतकऱ्यास तिचे सुखदुःख झाले नाही, कारण तो स्वतःच वर्षातील काही महिने तांदूळ विकत घेणारा आहे. शेतीप्रधान म्हणविणाऱ्या तालुक्याची धान्याच्या निर्यातधोरणाविषयीची ही उदासीनता मला अत्यंत चिंतेची वाटते.

मागे राहिली ती बाई. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या खानेसुमारीत १००० पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया आढळल्या, आणि त्या जिल्ह्याची एकूण लोकसंख्या दहा वर्षांत घटली होती. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांचे चित्र याहून निराळे नाही. लावणी ती करते, सासूसासऱ्यांचे आजारपण ती काढते, ग्रामसभेला तीच जाते. परंतु सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा मृत सासऱ्याचे, आणि त्यामुळे सोसायटीचे कर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाईच्या वेळी तलाठ्याकडे हेलपाटे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवरा परदेशी असलेल्या प्रत्येक घरात ती योजना अमलात आणण्यास आपल्या महसूल खात्यास कोणाची हरकत आहे?

माणसे बाहेर जात असतानाच महाडला उद्योगही आला. बिरवाडीच्या बाजूस औद्योगिक वसाहत झाली आणि तेथे रंगद्रव्ये, औषधांचे घटक, नाना प्रकारची रसायने तयार होऊ लागली. हा उद्योग येथे आला त्यामागेही जगाचे व्यापारविषयक धोरण होते. युरोप-अमेरिकेत प्रदूषणाचे निर्बंध कडक झाले, तसे रंगद्रव्यांचे उत्पादन तेथून उठून हिंदुस्थान आणि चीन येथे आले. नंतर १९९४ साली जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली आणि २००७ पासून युरोपीय संघाने रसायनांच्या नोंदणीचा व्यापक कायदा लागू केला, तेव्हा तोच माल तेथे विकण्याच्या अटी वाढल्या. युरोपातील ग्राहकाच्या त्वचेस अपाय होऊ नये म्हणून तेथील कायदा दक्ष आहे, हे योग्यच. सावित्रीच्या पाण्याची आणि रिअ‍ॅक्टरजवळ उभ्या असलेल्या कामगाराची दक्षता मात्र त्या मालाच्या किमतीत कोणी धरत नाही. आणि तो कामगार कोण? पुष्कळदा उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशा येथून आलेला, ठेकेदाराच्या हाताखालचा, पत्र्याच्या खोलीत राहणारा. महाडचा मुलगा जे वेतन घेऊन येथे राहण्यास राजी नाही, त्याच वेतनावर दूरचा मुलगा येथे येतो, कारण त्याचेही भरणपोषण आणि वार्धक्य कोठल्यातरी गावाने पत्करले आहे. ज्या अन्यायाविषयी मी बोलतो आहे, त्याचे आपण कुवेतमध्ये भोक्ते आहोत आणि महाडमध्ये लाभार्थी. हे मान्य केल्यावाचून आपल्या मागणीस नैतिक बळ येणार नाही.

आता करारांविषयी. रिकार्डोने १८१७ साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांच्या उदाहरणाने परदेशव्यापाराचा लाभ सिद्ध केला, तेव्हा माल देशाची सीमा ओलांडतो, माणूस आणि भांडवल ओलांडत नाहीत, असे गृहीत धरले होते. पुढे भांडवलाला वाट मिळाली. १९९४ च्या माराकेश कराराने जी जागतिक व्यापार संघटना जन्मास आली, तिच्या सेवाव्यापाराच्या करारात माणसाच्या येण्याजाण्याचाही उल्लेख आहे. परंतु राष्ट्रांनी त्याखाली जी वचने दिली ती प्रायः कंपनीचे अधिकारी आणि उच्चशिक्षित तज्ज्ञ यांच्यापुरती. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापारकरार झाला, त्यातही हीच मर्यादा राहिली. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी करार झाला आणि त्याबरोबर असे ठरले की तेथे तात्पुरते गेलेल्या भारतीय नोकरदारास तीन वर्षांपर्यंत तेथील सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स आदी देशांशीही अशा वर्गण्यांविषयी आपले स्वतंत्र करार आहेत. हे झाले ते उत्तमच झाले. पण संगणक अभियंत्यासाठी जे मागता आले आणि मिळविता आले, ते वेल्डरसाठी मागितलेही गेले नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आखातात परक्या कामगारास निवृत्तिवेतन नाही. अमिरातीत नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांचे आणि पुढे दरसाल ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. वीस वर्षे उन्हात राबून परतणाऱ्याची म्हातारपणाची शिदोरी एवढीच. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल कर लावला आणि २०२० पर्यंत तो ४०० वर नेला. बायको आणि दोन मुले असलेल्या माणसास वर्षाला १४,४०० रियाल. ज्याचा पगार बेताचा त्याने बायकामुले परत गावी पाठविली, आणि त्यांच्या शाळेचा, दवाखान्याचा, घराचा भार पुन्हा याच तालुक्यांवर आला. ही एका अर्थाने जकातच आहे, आणि ती माणसावर आहे. आपल्या कांद्यावर किंवा आंब्यावर एवढी जकात बसती तर दिल्लीहून शिष्टमंडळ गेले असते. २०१४ साली युरोपीय संघाने हापूसवर बंदी घातली तेव्हा वर्ष उलटण्यापूर्वी ती उठवून घेण्यात आपल्याला यश आले होते.

याहूनही खेदाची गोष्ट अशी, की काही प्रसंगी आपणच आपल्या माणसाची किंमत उतरविली. परदेशी धाडावयाच्या कामगारांसाठी भारत सरकार किमान वेतनाचा एक दर ठरवून देते. २०२० च्या सप्टेंबरात, महामारीच्या ऐन कठीण काळात, आखातासाठीचे हे दर मोठ्या प्रमाणावर खाली आणण्यात आले, अन्यथा आपल्या जागी दुसऱ्या देशांचे मजूर घेतले जातील या भीतीने. गदारोळ झाल्यावर पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घेतला गेला. गरीब राष्ट्रे परस्परांशी स्पर्धा करून आपल्याच रयतेचे श्रम स्वस्त करीत राहिली, तर त्यातून लाभणार कोणास? नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स आणि आपण यांनी एकत्र बसून एक किमान दर ठरविला, तर आखातातल्या कोणत्याही मालकाला त्याखाली माणूस मिळणार नाही. तेल विकणारी राष्ट्रे हे तेलाच्या बाबतीत १९६० पासून करीत आली आहेत.

आणखी एक त्रुटी आपल्या घरचीच आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली जो मॅट्रिक झालेला नाही त्यालाच आखातासारख्या ठरावीक देशांत जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते, आणि १० लाख रुपयांचा सक्तीचा विमाही त्याच्याचपुरता आहे. दोन वर्षांच्या त्या विम्याचा हप्ता अवघा २७५ रुपये. आमचे गुरुजी ज्यांना मॅट्रिकपर्यंत घेऊन गेले, ती या तालुक्यांतली बहुतेक मुले त्यामुळे सरकारच्या नोंदीतून आणि विम्याच्या कक्षेतून दोन्हीकडून बाहेर पडली. ती कोठे आहेत, कोणत्या मालकाकडे आहेत, एजंटाला त्यांनी किती पैसे मोजले, हे कोणत्याही दप्तरात नाही. एजंटाने ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक घेऊ नये असा नियम आहे. पण आझाद व्हिसा म्हणून जो कागद विकला जातो, त्यासाठी घरातले दागिने आणि खाचर गहाण पडल्याची उदाहरणे या सभागृहात बसलेल्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतील.

आखाती सहकार परिषदेच्या सहा राष्ट्रांशी व्यापारकरार करावा, यासाठी आपण २००४ साली प्राथमिक करारनाम्यावर सही केली आणि त्यानंतर वाटाघाटी थांबत-चालत राहिल्या. तेलावर, सोन्यावर, रसायनांवर किती जकात ठेवायची याचे तपशील त्यांत येतील. त्यांच्याच बरोबरीने भरतीचा सारा खर्च मालकाने सोसावा, नोकरीअखेरची रक्कम खासगी मालकाच्या हाती न राहता स्वतंत्र निधीत दरमहा जमा व्हावी आणि ती महाडच्या बँकेत काढता यावी, आजारपणात परत धाडलेल्या कामगाराच्या उपचाराचा भार काही मुदतीपर्यंत तेथील विम्याने उचलावा, आणि अवलंबितांवरील कर वाढविण्यापूर्वी आपल्या सरकारशी विचारविनिमय व्हावा, ही कलमे त्यात यावीत. यातले एकही मागणे दानाचे नाही. गावाने जो खर्च आधीच केलेला आहे, त्याची ही अंशतः भरपाई आहे.

परंतु दिल्लीत मागणी करणाऱ्याच्या हाती आकडे लागतात, आणि ते आकडे आज आपल्याजवळ नाहीत. म्हणून महाड आणि पोलादपूर या दोन पंचायत समित्यांनी येत्या वर्षात प्रत्येक ग्रामपंचायतीत एक नोंदवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. मॅट्रिक झालेला असो वा नसो, परदेशी गेलेला प्रत्येक माणूस, त्याचा हुद्दा, देश, जाण्यासाठी झालेला खर्च आणि कर्ज, परतल्याचे वर्ष व परतण्याचे कारण, त्याच्या मागे राहिलेल्या जमिनीपैकी पिकाखाली किती आणि पडीक किती, आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, एवढे रकाने त्यात असावेत. औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेल्या कामगारांसाठीही तशीच वही असावी. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे आणि गावोगावच्या जमाती ही माहिती गोळा करण्यास समर्थ आहेत; आपल्या माणसांची खबर त्यांच्याइतकी कोणत्याच कचेरीस नाही. अशी वही तयार झाली, तर तिची एक प्रत अलिबागला जिल्हा परिषदेकडे आणि दुसरी या विभागाच्या खासदारांकडे देण्याची जबाबदारी या व्याख्यानमालेच्या चालकांनी घ्यावी, अशी त्यांस माझी विनंती आहे.